पाखरू पडायलंय बघा

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देतो:

"सर, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, गावाचं नाव नको. वय 46. शाळेत ड्रॉइंगची लोअर, हायर दिली होती, मग लग्न, भात, म्हशी, सगळं राहून गेलं. आता मुलगा बेंगळूरला असतो, त्यानं 36 रंगांचा बॉक्स पाठवलाय. आमच्या शेताला लागून ओढा आहे, पक्षी भरपूर. पण मी वही काढेपर्यंत उडून जातात. म्हणून मोबाईलवर फोटो काढते आणि घरी बघून काढते, तर चित्र मेल्यासारखं दिसतंय. शिवार काढायला घेतलं तर नुसतं हिरवंच हिरवं होतं. बाहेर बसलं की लोक जमतात, लाज वाटते. सासूबाई म्हणतात, सुगी सोडून पाखरं काय बघत बसतीस. आणि जाऊबाईंना हॉलमध्ये लावायला हंसांची जोडी पाहिजे. काय करू सांगा."

ताई, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तुमची अडचण उडून जाणाऱ्या पक्ष्यांची आहे, दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं मोबाईलची आहे. म्हणून तिथनंच सुरू करतो, सासूबाईंचं नंतर बघू.

मी 29 वर्षं हायस्कूलला ड्रॉइंग शिकवलं. नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली असतील तेव्हा कॅलेंडरवरच्या फोटोवरनं एक मोठा खंड्या काढला होता, पीस न पीस काढलेलं, आठवडा गेला त्यात. फ्रेम करून सोप्यात लावला. आमच्या घरी भात घालायला येळ्ळूरकडचे एक काका यायचे, ते चहा पीत बराच वेळ चित्राकडं बघत बसले आणि म्हणाले, "सर, पाखरू पडायलंय बघा." मी म्हटलं पडायलंय म्हणजे? "पाय मागं गेल्यात की ओ त्याचं. असं बसलं तर तोंडावर पडंल." राग आला मला, खोटं कशाला सांगू. पण रात्री जेवण झाल्यावर पट्टी लावून बघितलं तर खरंच. फोटोतली फांदी मला आवडली नव्हती म्हणून मी मनानं दुसरी घातली होती आणि पाय आपल्या सोयीनं सरकवले होते. त्या काकांनी कधी ब्रश धरला नव्हता, पण बांधावर उभं राहून हजार खंडे बघितले होते.

तुमचं चित्र मेल्यासारखं का दिसतंय तर ह्यामुळंच. मोबाईल सेकंदाचा हजारावा भाग धरून ठेवतो, तसला पक्षी आपल्या डोळ्याला कधी दिसतच नाही. डोळ्याला दिसतं ते मान वळवणं, अंग चोरणं, उडायच्या आधी जरा खाली बसल्यासारखं करणं. शिवाय फोनमध्ये आभाळ पांढरं फटक होतं नाहीतर सावली काळी ठिक्कर होते, आणि आपण घरी ट्यूबलाइटखाली बसून तीच चूक प्रामाणिकपणानं उतरवून काढतो. फोटो अजिबात काढू नका असं नाही म्हणत मी. चोचीचा रंग काय होता, पंखावर पट्टा कुठं होता ते तपासायला ठेवा की. पण चित्र त्याच्यावरनं सुरू करू नका, निदान सहा महिने तरी.

आता उडून जातात ह्याचं. ताई, उडणार नाही असा पक्षी आधी निवडा. तुमच्या ओढ्यावर ढोकरी असणार, वंचक म्हणतात पुस्तकात, तो मळकट तपकिरी छोटा बगळा, बसलेला असला तर दगड आहे का पक्षी कळत नाही आणि उडाला की एकदम पांढरे पंख दिसतात. तो मासा नाहीतर बेडूक यायची वाट बघत दहा दहा मिनिटं हलत नाही. ह्याच्यापेक्षा चांगलं मॉडेल पगार देऊनसुद्धा मिळायचं नाही. पाठीला कुबड, मान खांद्यात घातलेली, चोच भाल्यासारखी पुढं. आधी एक कललेलं अंडं काढा, ते अंग. अंडं किती कललंय तेच सगळ्यात महत्त्वाचं, ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं. मग डोक्याचा छोटा गोल, चोचीची एक रेघ, शेपटीची एक. पाय काढताना काकांची आठवण ठेवा. पावलं अंगाच्या वजनाखाली यायला पाहिजेत, पेन्सिल उभी लटकती धरून बघा, कळतंय लगेच. आणि पायात मागं वाकलेला जो सांधा दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा आहे तो, गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. हे एकदा डोक्यात बसलं की बगळ्याचे पाय काठ्या लावल्यासारखे दिसायचे थांबतात.

ह्याला 20 सेकंद द्या. हसू नका, 20 सेकंदच. हलला की ते चित्र तिथंच सोडा आणि त्याच पानावर शेजारी दुसरं सुरू करा. पक्षी चार पाच ठराविक पोझमध्येच फिरत असतो, पुन्हा पहिल्यासारखा बसला की पहिल्या चित्रावर परत या आणि आणखी दोन रेघा ओढा. एका पानावर आठ दहा ढोकऱ्या, कुणाला डोकं नाही कुणाला पाय नाहीत, असं पान झालं की तो दिवस चांगला गेला समजा. मला माहीत आहे तुमचा हात पूर्ण करायला शिवशिवणार, लोअर हायर दिलेल्यांचं हेच होतं, परीक्षेत अर्धं चित्र ठेवलं तर मार्क जातात ना. इथं मास्तर नाही. मी होतो, आता रिटायर झालोय. रबर घरीच ठेवून जा, चुकलेली रेघ राहू द्या आणि तिच्याच शेजारी बरोबर रेघ मारा, म्हणजे उद्या बघताना कळतंय काय चुकलं होतं.

ढोकरीवर हात बसला की मग तारेवरचे घ्या. वेडा राघू, कोतवाल आणि तो पांढऱ्या छातीचा खंड्या, हे तिघं कीडा पकडायला झेप घेतात आणि बऱ्याच वेळा त्याच तारेवर नाहीतर त्याच खुंट्यावर परत येऊन बसतात. म्हणजे उडाला तरी गेला नाही. तो नसताना तार, खांब आणि त्याच्या मागचं झाड काढून घ्या, आला की तो काढा. (तारा आणि खांब चित्रातनं गाळायची एक खोड असते सगळ्यांना, मंगळुरी कौलं ठेवतात आणि पाण्याची टाकी गाळतात. अहो, पक्षी त्या तारेवरच बसलाय की.) हिवाळ्यात तारेवर नीलपंख दिसतो, आपल्या कर्नाटकचा राज्यपक्षी, बसलेला असला तर साधा तपकिरीच वाटतो आणि उडाला की पंखात दोन निळे पट्टे चमकतात. तो बसलेला समोर बघून काढा आणि उडालेला आठवणीतनं. आठवणीची प्रॅक्टिस अशी करायची, दहा सेकंद टक लावून बघायचं, डोळे मिटायचे, आत दिसतोय का बघायचं आणि मगच पेन्सिल लावायची. पहिले आठ पंधरा दिवस आत काहीच दिसत नाही. नंतर दिसायला लागतं.

एक सांगून ठेवतो, उन्हाळ्यात टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली तर समजा जवळपास जमिनीवर तिची अंडी आहेत, उघड्या ढेकळात घालती ती. तिथनं मुकाट्यानं उठायचं. चित्र राहिलं तर राहिलं. घरट्याजवळ जाऊन काढलेलं चित्र मला दाखवूसुद्धा नका.

बसायचं कसं? रोज एकाच जागी. हे मी फार ठासून सांगतोय, कारण तुमच्यासारख्या नव्यानं सुरू करणाऱ्या सगळ्यांना पहिल्यांदा भीमगडच्या अभयारण्यात जायचं असतं. भीमगड तुमच्याच तालुक्यात आहे, कबूल, पण तिथं परवानगी लागते, अस्वलं आहेत, आणि दाट जंगलात पक्षी ऐकू येतो, दिसत नाही. शेताचा बांध बरा. एकाच जागी, एकाच वेळेला, फिक्या मातकट रंगाची साडी नाहीतर ड्रेस, आणि जाऊन लगेच वही काढायची नाही, पहिली दहा मिनिटं नुसतं बसायचं. तुम्ही आल्यावर उडालेले परत येतात, पण तोपर्यंत आपलाच धीर सुटलेला असतो. स्कूटर असली तर तिच्या आडोशाला बसा, गाडीला पक्षी तेवढे बुजत नाहीत. कोल्हापूरचे आबालाल रहिमान बघा, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून आलेला माणूस, शाहू महाराजांच्या दरबारचा चित्रकार, पण कोटितीर्थाच्या काठालाच राहिला आणि तिथलंच पाणी, तिथलीच झाडं परत परत रंगवत बसला. आणि आपल्या बेळगावात के. बी. कुलकर्णी सरांकडं चित्रकार रवी परांजपे शिकले, ते कुठं पोचले सगळ्यांना माहीत आहे. सुरुवात इथल्याच मातीतनं झाली.

हिरव्याचं दुखणं मात्र खरं आहे, आणि त्याला तो 36 चा बॉक्स जबाबदार आहे. पोराला सांगू नका, त्यानं प्रेमानं पाठवलाय. पण त्यातले सगळे तयार हिरवे बाजूला काढून ठेवा. लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमझन, अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू, सहा झाले, बास. जुलैत रोप लावणीनंतरचं भात पोपटी असतं, तिथं लेमन यलोत प्रशियन ब्लूचा नुसता वास. सप्टेंबरात ते गडद होतं, आणि ऑक्टोबर संपताना यलो ऑकर वर येतो. लांबच्या झाडांचा हिरवा अल्ट्रामरीन आणि ऑकरचा करा, त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना घाला म्हणजे तो भडकपणा बसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून जो करडा रंग होतो तो तर आपल्याकडं पावसाळाभर पुरतो, ढग त्याचे, ओल्या कौलांची सावली त्याची, ढोकरीची पाठ त्याची. तुमच्या भागातली तांबडी माती नुसत्या बर्न्ट सिएनानंच निम्मी होते.

जांबोटीकडच्या डोंगराच्या रांगा काढताना डोळे बारीक करून बघा, म्हणजे पानं फांद्या जातात आणि तीन चार पट्टे तेवढे उरतात. सगळ्यात लांबचा सगळ्यात फिका आणि निळसर, कारण मधल्या हवेत दमटपणा आणि धूळ असते. तो आधी टाका, वाळू द्या, मग पुढचा. आपण नेमकं उलटं करतो, जवळच्या गवताच्या काड्या आधी मोजत बसतो आणि डोंगर उरलेल्या रंगात उरकतो.

आणि बगळा! पॉवर टिलर चिखल करत चाललाय, मागनं गायबगळे, हे चित्र तुम्हाला काढायचंय असं पत्रात खाली लिहिलंय ना. पांढरा रंग लावू नका. कागदच बगळा आहे. भोवतीचा चिखल आणि हिरवा रंगवायचा, बगळ्याच्या जागी कागद कोरा सोडायचा, आणि पोटाखाली फिका निळसर करडा एक हात. विणीच्या दिवसांत गायबगळ्याच्या डोक्यावर, मानेवर केशरी झाक येते, तेवढी द्या. उडताना बगळा मान मुडपून घेतो, करकोचा सरळ लांब ठेवतो, हे चुकलं की कुणीही शेतकरी ओळखतो, मला सांगायला नको. खंड्याच्या निळ्यासाठी मात्र डोकं फोडू नका, त्याच्या पिसात निळा रंगच नसतो, पिसाच्या बारीक रचनेवर उजेड पडून तो तसा दिसतो, कुठल्याच ट्यूबमध्ये तो मिळत नाही. शेजारी बर्न्ट सिएनाचं डोकं नीट काढा, मग आपला साधा निळासुद्धा चमकतो.

कागदावर थेट ऊन येऊ देऊ नका, डोळे दिपतात आणि बाहेर झकास दिसलेलं चित्र घरात आणल्यावर काळवंडलेलं दिसतं. छत्री घ्याल तर काळी घ्या. निळ्या लाल छत्रीचा रंग कागदावर पडतो आणि आपण दुसराच रंग कालवून बसतो, माझा बेळगावच्या किल्ला तलावावरचा एक अख्खा रविवार त्यात गेलाय. रंगासाठी 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद आणा, महाग आहे पण पाण्यानं फुगत नाही, एका शीटचे आठ तुकडे करा. स्केचला पोरांची जुनी वही चालती. वाऱ्याला दोन क्लिपा.

पावसात तुमच्याकडं रंग वाळतच नाही, तेव्हा हट्ट करू नका. सोप्यात बसून पेन्सिल, नाहीतर बॉलपेन. बॉलपेनची शाई पाण्यानं फारशी पसरत नाही. पागोळ्या, भिजलेल्या साळुंक्या, पिसं फुगवून बसलेला दयाळ, खूप आहे. वह्या तेवढ्या डब्यात ठेवा, बुरशीचे ठिपके पडले की जात नाहीत.

लोक जमतात त्याला माझ्याकडं औषध नाही, सवय होती. सुरुवातीला माझ्या पाठीमागं पण पोरं उभी राहायची. त्यांना एक एक कागद आणि पेन्सिलचा तुकडा द्यायचो, निम्मी काढत बसायची, निम्मी पळायची. म्हातारी माणसं विचारतात, "काय करायलीस गं?", पलीकडच्या शेतातले अज्जा विचारतील, "एन माडाकत्तीरी अक्का?" सांगायचं, हक्की काढतेय, हक्की म्हणजे कन्नडात पाखरू. बास, एक शब्द. आणि वही झाकू नका, उलट दाखवा. झाकली की त्यांना वाटतं हिशोब लिहितीय नाहीतर सर्व्हे करतीय. दाखवली की ते सांगायला लागतात, इथं सकाळी निळं पाखरू येतं, तिथं वडावर दुपारी घुबड असतं. माझ्या निम्म्या जागा मला अशाच कळल्यात. फक्त एक, एकटीनं अगदी आडरानात बसू नका, घरी सांगून जा, फोन चार्ज असू द्या.

आता सासूबाई. ताई, ह्यात मी थोडा त्यांच्या बाजूचा आहे. सुगीत भात कापून पडलंय, वर आभाळ भरून आलंय आणि तुम्ही बांधावर ढोकरी काढताय, हे मलाही बरं दिसणार नाही. सुगीचे दिवस मोठं चित्र सोडा. पण न्याहारी घेऊन शेतात जाताच ना, माणसं जेवतात तेवढ्यात दहा मिनिटं मिळतात, त्यात 20 सेकंदाची किती चित्रं बसतात हिशोब करा. छोटी वही पदराला, पेन्सिल अंबाड्यात. मळणी झाली, मसूर वाटाणा पेरून झाला की मग सकाळी सात ते साडेआठ आपलं म्हणून मागून घ्या, चोरून जाऊ नका. आणि एकदा सासूबाईंनाच काढा, सूप घेऊन पाखडताना. हलणारा माणूस आणि हलणारा पक्षी एकच अभ्यास आहे. त्या बघतील आणि म्हणतील मी अशी कुठं आहे, म्हणजे आवडलं.

थंडीत एखादा रविवार मिळाला आणि सोबत असली तर खानापुरातनं रेल्वे धरून घटप्रभेला उतरा आणि धुपदाळच्या बंधाऱ्याकडं जा, पाहुणे पक्षी येतात तिथं, कांड्या करकोचे थव्यानं दिसतात कधी कधी. लांब असतात. दुर्बीण पाहिजेच असं नाही, पण पोरानं पुढं काय पाठवू विचारलं तर 8 बाय 42 ची सांगा, 8 म्हणजे आठ पट मोठं, त्याच्या वरची घेतली तर हात थरथरतो. रंग मात्र आणखी नकोत म्हणावं.

राहिली जाऊबाईंची हंसांची जोडी. अहो, तसले पांढरे शुभ्र हंस आपल्याकडं कुठं आहेत, येळ्ळूरला राजहंसगड आहे तेवढाच. तुम्ही कॅलेंडरवरनं काढणार, आणि हंस पाण्यात असल्यामुळं पाय दिसत नाहीत म्हणून वाचाल, पण बाकीचं मेलेलंच येणार. त्यापेक्षा तुमच्या तळ्यावर टिबुकल्या असतील, त्या छोट्या गोल, बुडी मारली की भलतीकडंच वर येणाऱ्या. त्यांची जोडी काढून द्या, जोडी म्हणजे जोडी. जाऊबाईंना नाही पटली तर वाद घालू नका, ते चित्र माझ्याकडं पाठवा. तो खंड्या मी कधीच उतरवलाय, सोप्यातला खिळा तसाच रिकामा आहे.